मांगरातली वही : देवगडच्या एका आंबाबागेचं प्रकरण

2023 च्या जानेवारीत माझ्या मामेभावाच्या बागेतल्या बेचाळीस हापूस कलमांचा मोहोर खार पडून काळा झाला. तुडतुड्यांनी, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनी, डाव साधला होता. त्याच पंधरवड्यात बागेच्या दुसऱ्या टोकाला आठ दिवसांत दोनदा फवारणी झाली होती, तीही एकाच औषधाची. औषध वेळेवर आणलेलं होतं, पंप चालू होता, गडी कामावर होते. कुठे कधी फवारलं याची नोंदसुद्धा होती, फोनमध्ये, तारीख-वेळेसकट. तरीही हे झालं.

का झालं, आणि पुढच्या दोन हंगामांत एका दोनशे पानी वहीने काय बदललं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी बागायतदार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. ‘हाताने लिहा’ असं मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले, पण का लिहायचं याचं मला स्वतःला पटेल असं उत्तर या बागेत मिळालं.

मामाच्या चोपड्या

मामाची बाग देवगड तालुक्यात, खाडीपासून वर चढत गेलेली. एकशे तीस कलमं. आमच्याकडे हापूसच्या झाडाला झाड म्हणत नाहीत, कलमच म्हणतात. बागेचे तीन तुकडे आहेत : घरालगतची जुनी कलमं, खाडीच्या उतारावरची, आणि सगळ्यात वर कातळावरची. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान सुरू झालं, त्या वेळी मामाने कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, घमेल्यांनी माती वाहून भरली आणि ही वरची कलमं लावली. नोंदी लिहायला त्याने तेव्हापासून सुरुवात केली.

लाल कापडी बांधणीच्या लांबट चोपड्या, वाणी उधारीला वापरतो तशा. दिवेलागण झाली की मामा मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपीच्या, पडवीत कंदील घेऊन बसायचा, पुढे वीज आल्यावर बल्बखाली, आणि सात-आठ ओळी लिहायचा. त्याहून जास्त कधीच नाही. मे महिन्यात आम्ही भाचरं तिथेच गोधडीवर लोळत असायचो, त्याच्या टाकाची खरखर ऐकत झोपी जायचो.

त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते. तारीख 14 डिसेंबर 1998.

«पायरीवरचे कलम : समुद्राकडील अंग मोहोरले. घराकडील अंग अद्याप पालवीत. तुडतुडा हाताला लागतो. उद्या नको, परवा फवारणे. वारा फिरला.»

बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. पण हापूसचं कलम एका दमात मोहोरत नाही. एक अंग आधी मोहोरतं, दुसरं पंधरा-वीस दिवसांनी. थंडी लांबली तर कणी (बारीक फळ) धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहोर सुटतो, त्याला पुनर्मोहोर म्हणतात, आणि मग आधीची कणी गळून जाते. म्हणजे एप्रिलमध्ये एकाच कलमावर दोन-तीन वयांचे आंबे लटकत असतात. आंबा काढायचा तो चौदा आणे तयार झाल्यावर, सोळा आण्यांतले चौदा. कोवळा काढला तर पिकताना सुरकुततो. जास्त तयार होऊ दिला तर साका होण्याची भीती. साका बाहेरून दिसत नाही. पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचते, आंबा कापला जातो, आणि आत पांढरट, आंबट, पोकळ गर निघतो. मग ते गिऱ्हाईक पुन्हा फोन करत नाही. कुठल्या अंगाचा मोहोर कधीचा, हे डिसेंबरात लिहिलेलं एप्रिलमध्ये अशा वेळी उपयोगी पडतं.

‘हाताला लागतो’ हाही मामाचा मोजमापाचा शब्द. मोहोराच्या फांदीला हलका झटका दिला की तुडतुडे उडून मनगटावर आपटतात. किती आपटले त्यावर तो ठरवायचा, फवारायचं की अजून थांबायचं.

एकशे तीसपैकी नव्वदेक कलमांना त्या चोपड्यांत नावं आहेत. विहिरीकडचं, पायरीवरचं, गडग्याचं, जोडकलम, आक्काचं, विजेचं. विजेच्या कलमावर एकदा वीज पडली होती आणि ते अर्ध्या अंगाने जगलं.

मामाला काचबिंदू झाला, तो कळेपर्यंत उशीर झाला. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगतून गेलं, त्या रात्रीची नोंद ही त्याची शेवटची. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, तरी वाचता येतात : «वारा थांबत नाही. जोडकलम गेले. राहिलेला आंबा जमिनीवर. माणसे सुखरूप.»

काय बिघडलं

बाग मामेभावाकडे आली. तो मुंबईतली नोकरी सोडून आलेला, मेहनती, हिशोबाला पक्का. त्याला निष्काळजी म्हणणाऱ्याशी मी भांडेन. वडिलांच्या चोपड्या त्याने पत्र्याच्या ट्रंकेत नीट ठेवल्या आणि स्वतःची सोय फोनवर केली. गड्यांचा ग्रुप काढला. काम झालं की फोटो टाकायचा किंवा आवाजात निरोप द्यायचा. औषधांच्या बाटल्यांचे फोटो, पंपाचे फोटो, मोहोराचे फोटो, सगळं जागच्या जागी.

2023 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे पंधरा दिवस होते. एका दुपारी आम्ही दोघं त्याच्या फोनमधले 1 डिसेंबर ते 31 जानेवारीचे निरोप ओळीने ऐकत आणि वाचत गेलो. साडेसहाशेच्या वर होते. त्यात सुप्रभाताची फुलं होती, कोणाच्या मुलाच्या बारशाचे फोटो होते, आणि मधेच 3 जानेवारीचा आठ सेकंदांचा निरोप होता : “वरचो झालो, सेठ.”

तो गडी खाडीकाठच्या वाडीतला. त्याच्या लेखी खाडीच्या रस्त्यावरून चढलं की जे लागतं ते ‘वरचं’, म्हणजे उतारावरची कलमं. मामेभावाच्या लेखी ‘वरचं’ म्हणजे कातळ. त्याने मनात कातळावर खूण केली आणि 11 तारखेला दुसऱ्या जोडीला सांगितलं, आता खालची घ्या. उताराला दोनदा औषध बसलं. कातळावर तीन आठवड्यांवर कोणी फिरकलं नाही, आणि ऐन मोहोरात तीन आठवडे तुडतुड्यांना पुरून उरतात. त्यांचा चिकट स्राव पानामोहोरावर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. ती खार पडली की मोहोर गेलाच म्हणायचा.

3 तारखेच्या निरोपासोबत फोटोही होता. स्वच्छ, उजेडातला, मोहोराने भरलेल्या फांदीचा. तो कुठल्या कलमाचा हे आम्हा दोघांना मे महिन्यात ओळखता आलं नाही. जानेवारीतही कोणाला आलं नसतं. फोटो काढायला कलमाचं नाव माहीत असावं लागत नाही. लिहायचं म्हटलं की पहिला शब्दच नावाचा येतो.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, सगळं माझ्याकडे होतं. मी फक्त वाचलं नव्हतं.”

आधी टंकून पाहिलं

वहीवर आम्ही लगेच आलो नाही. त्या गणपतीत मी गेले तेव्हा भावाने फोनमध्येच रोजची नोंद टंकायला सुरुवात केली होती. विचार बरोबर होता. शोधता येतं, हरवत नाही, पावसात भिजत नाही. महिन्याभराने त्याने मला त्या नोंदी पाठवल्या. बावीस दिवसांपैकी सोळा दिवसांची नोंद शब्दाशब्दाने एकच होती : ‘गवत काढणी सुरू. पाऊस. गडी चार.’

त्याने आदल्या दिवशीची ओळ उचलून तारीख बदलली होती. खोटं काही नव्हतं त्यात. गवत काढणी चालूच होती, पाऊसही होता. आणि जिथे नवीन लिहायला जावं तिथे फोन पुढचा शब्द आपणहून सुचवत होता : ‘फवारणी’ म्हटलं की ‘पूर्ण झाली’. मधे थांबून विचार करायची गरजच पडत नव्हती.

हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. हल्ली मुलांकडे प्रत्येक धड्याच्या नोट्सची पीडीएफ असते. कोणीतरी ग्रुपवर टाकतं, सगळे उतरवून घेतात. दहावीला मराठीचा पेपर 80 गुणांचा, तीन तासांचा. तिथे पहिल्या अर्ध्या तासातच बोटं चोळणारी मुलं मी दर वर्षी पाहते. बोटं दुखतात ते सवयीने जाईल. मला जास्त लागतं ते दुसरंच : ज्या मुलाने धडा स्वतःच्या हाताने चार ओळींत कधी मांडलेला नसतो, त्याला त्यातलं महत्त्वाचं काय हे विचारलं की तो मोबाइलकडे हात नेतो.

दसऱ्याची वही

24 ऑक्टोबर 2023, दसरा. मामीने पाट मांडला. भावाच्या मुलीची पाटी, कोयते, झेला (आंबे काढायची जाळीची काठी) आणि बाजारातून आणलेली नवी दोनशे पानी वही त्यावर ठेवली. पहिल्या पानावर सरस्वती काढायची होती. मामा म्हणाला, “माझ्याकडे दी.” त्याने डाव्या हाताच्या बोटांनी पानाच्या कडा चाचपल्या, मध्य शोधला आणि उजव्या हाताने एक-एक रेघ ओढली. सरस्वती थोडी कलली होती, पण रेघा सगळ्या जागच्या जागी जुळल्या. हाताला ती पाठ होती.

वहीचं असं ठरलं. ती मांगरातच राहील, घरी यायची नाही. संध्याकाळी फोन खिशात ठेवून आधी आठवेल ते लिहायचं. मग फोन उघडून औषधाचं प्रमाण, तारीख पडताळायची आणि चुकलं असेल तिथे तिरकी रेघ मारून दुरुस्त करायचं, खोडायचं नाही. कलमाचं नाव आल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. आणि ज्याने काम केलं त्याने लिहायचं.

शेवटची अट माझी होती आणि तीच अवघड ठरेल असं वाटलं होतं. दोन गडी सातवीपर्यंत शिकलेले, ते लाजत लाजत लिहू लागले. तिसऱ्याला सही पलीकडे येत नव्हतं, तो सांगायचा आणि दुसरा लिहायचा. प्रश्न राखणदाराचा होता. आमच्या भागात बागांची राखण बरीचशी नेपाळी माणसं करतात, हाही तिकडचाच. त्याला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. एक दिवस वहीत आम्हाला ओळ दिसली : «बिहान पाँच वटा बाँदर आए।» मामेभावाने ती मोठ्याने वाचली आणि अर्थ लागला. सकाळी पाच माकडं आली. लिपी तर एकच, देवनागरी! आमच्या मालवणी ‘वांदरा’पासून त्याचा ‘बाँदर’ हाकेच्या अंतरावर. त्या दिवसापासून त्याच्या ओळी नेपाळीतच येतात आणि सगळे त्या वाचतात. दोन वर्षं तो माणूस रात्रंदिवस बागेत होता, सगळ्यात जास्त बघत होता, आणि त्याचं बघणं कुठेच नोंदलं जात नव्हतं. आवाजातल्या निरोपांत तो कधी बोललाच नव्हता.

भावाचं स्वतःचं लिहिणं सुरुवातीला बघवत नव्हतं. अकरा वर्षांत त्याने सहीखेरीज काही लिहिलं नव्हतं. पाव पान झालं की हात झटकायचा. जेलपेन ओलसर हाताने पसरायचं, बॉलपेन दमट कागदावर मधेच रुसायचं. शेवटी शिसपेन्सिल आणली. कोकणातल्या हवेत तिच्याइतकं भरवशाचं काही नाही, कागद दमट असला तरी उमटते.

पण हात दुखत होता म्हणूनच एक गोष्ट झाली. ‘गडी चार, गवत काढणी सुरू’ हे सलग पाचव्या दिवशी हाताने लिहायचा त्याला कंटाळा आला. सहाव्या दिवशी त्याने लिहिलं : ‘कालच्यासारखंच. फक्त गडग्याच्या कलमाला तांबूस पालवी.’ मी ते वाचलं आणि मला वाटलं, इथे काम झालं. हाताने सगळं लिहिता येत नाही, वेळ पुरत नाही, बोटं साथ देत नाहीत. मग माणूस लिहिण्याआधी स्वतःला विचारतो, आज वेगळं काय झालं? तो विचार म्हणजेच बागेत परत एकदा फिरून येणं आहे.

दुसरा परीक्षक घरातच होता. रात्री जेवणं झाली की मामा विचारायचा, “आज काय लिवलंस?” भाऊ वाचून दाखवायचा.

“मोहोर दिसाक लागलो.”

“खंयच्या कलमाक?”

“विहिरीकडच्या.”

“खंयच्या अंगाक?”

इथे भाऊ अडकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी विहिरीकडे जायचा. नोव्हेंबर संपेपर्यंत मामाचा तो प्रश्न बंद झाला, कारण उत्तर आधीच ओळीत येऊ लागलं.

दोन हंगाम

2024 च्या जानेवारीत, म्हणजे बरोबर वर्षाने, राखणदाराने लिहिलं की कातळावर विजेच्या कलमाखाली चालताना पानं पायाला चिकटतात. स्राव पडू लागल्याची ती पहिली खूण. त्याच पानावर वर गड्याची ओळ होती, कातळाची फवारणी परवावर ढकलल्याची. भाऊ संध्याकाळी आपली ओळ लिहायला बसला तेव्हा दोन्ही त्याच्या नजरेसमोर एका बोटाच्या अंतरावर होत्या. फवारणी दुसऱ्याच सकाळी झाली. फोनवर हे दोन निरोप आले असते तर त्यांच्यामध्ये तीसेक इतर निरोप असते.

एप्रिलमध्ये काढणीचा क्रम वहीवरून लावला. ज्या अंगाचा मोहोर आधीचा ते आधी, झेल्याने, उन्हं चढायच्या आत. गडी आता कुठल्या कलमावर चढायचं ते नावाने विचारतात. साक्याची तक्रार त्या वर्षी नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी दोघांकडूनच आली. आधीच्या वर्षी किती आल्या त्याचा आकडा आमच्याकडे नाही, तेव्हा कोणी मोजतच नव्हतं. त्यामुळे वहीने साका कमी केला असं मी म्हणणार नाही. त्या वर्षीची थंडी, भावाचा वाढलेला अनुभव, बागेत त्याचं जास्त फिरणं, या सगळ्याचा वाटा आहे. ज्याबद्दल माझी खात्री आहे ते इतकंच : दुबार फवारणी एकदाही झाली नाही, आणि कुठलाही तुकडा विसरला गेला नाही.

2025 च्या फेब्रुवारीत मात्र वही अकरा दिवस कोरी राहिली. भावाची मुलगी आजारी होती, तो कणकवलीला दवाखान्यात. परत आल्यावर त्याने ती पानं फोनवरून भरून काढली. ती आज वाचली तर फरक कोणालाही कळेल. ‘फवारणी झाली. गडी तीन.’ अंग नाही, वारा नाही, कुठल्या कलमाचं काही नाही. माहिती सगळी खरी आहे, हस्ताक्षरही त्याचंच आहे. पण ते दिवस त्याने जगून लिहिलेले नाहीत, उतरवून काढलेले आहेत. पेन्सिल हातात धरली की जादू होते असं मानणाऱ्यांनी ही अकरा पानं जरूर बघावीत.

संशोधन काय म्हणतं

या विषयावर मी मिळेल ते वाचते. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅपटॉपवर टिपणं घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे जास्त उतरवले आणि हाताने लिहिणाऱ्यांनी समजुतीच्या प्रश्नांत बाजी मारली. तो फार गाजला. 2021 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा शब्दाला शब्द उतरवण्याचा फरक पुन्हा दिसला, पण परीक्षेतला फायदा तितका ठामपणे दिसला नाही. 2024 च्या जानेवारीत नॉर्वेतल्या ट्रॉण्डहाइम इथल्या विद्यापीठाचं काम प्रसिद्ध झालं. 36 विद्यार्थ्यांच्या डोक्यावर संवेदकांची जाळी बसवून त्यांनी पाहिलं की शब्द हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांचा आपसातला संवाद टंकताना असतो त्याहून खूप दाट असतो. त्यात स्मरणशक्तीची परीक्षा मात्र घेतलेली नव्हती, आणि टंकणारे एकाच बोटाने टंकत होते.

शिक्षकांच्या बैठकांत या अभ्यासांचा अर्धाच भाग सांगितला जातो, याचा मला राग येतो. मुलांना पटवायला अर्धसत्याची गरज नाही. 2014 आणि 2021 या दोन्ही वेळा जे टिकलं तेच आमच्या बागेत दिसलं : यंत्रावर माणूस आलेलं सगळं साठवतो, हाताने तो निवडून घेतो. निवडलेलं पुढे किती लक्षात राहील ते माणसागणिक बदलेल. पण निवडण्यासाठी लागणारं लक्ष त्या क्षणी त्याने दिलेलं असतं, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

फोन कुठे राहिला

फोन गेलेला नाही. कीड-रोगाचा फोटो काढून रामेश्वरच्या आंबा संशोधन उपकेंद्रात दाखवायचा तर फोनच लागतो. निर्यातीसाठी बागेची मॅंगोनेटवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन यादीत, नोंदणी केली तर फवारण्यांचा तपशील तिथे यंत्रातच भरावा लागतो, आणि आता तो वहीवरून भरला जातो. शिवाय कागदाला आपले शत्रू आहेत. मामाच्या 2004 आणि 2005 च्या चोपड्या वाळवीने खाल्ल्या. ट्रंक उघडली तेव्हा पुठ्ठा तेवढा शाबूत आणि आत माती. त्यामुळे दर रविवारी मुलगी वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवते. त्या ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचे जमिनीचे काही कागद आहेत, मोडीतले, सुंदर वळणाचे. घरात ते वाचू शकणारं कोणी नाही. मामाच्या चोपड्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून मी यंदा सुट्टीत मुलीकडून त्यांतली रोज एक नोंद मोठ्याने वाचून घेतली. ‘अद्याप’ म्हणजे काय, असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

पुठ्ठ्याची पट्टी

2025 च्या मे महिन्यात मुलीने आजोबांसाठी एक वस्तू केली. पुठ्ठ्याला ओळीच्या उंचीइतकी लांबट खाच कापली. ती पानावर ठेवायची, खाचेत बोट धरायचं आणि लिहायचं. ओळ संपली की पुठ्ठा दोन बोटं खाली सरकवायचा. मामाने दोन-चार दिवस नुसतीच सही करून पाहिली.

मामा रोज सकाळी काठी टेकत घराजवळच्या कलमांपर्यंत जातो. दिसत काही नाही, पण बुंध्यावर हात ठेवून उभा राहतो. पाऊस लागल्याच्या तिसऱ्या दिवशी तो परतला आणि मांगरात जाऊन वही मागितली. पुठ्ठा ठेवून त्याने लिहिलं. वेलांट्या थोड्या पुढे गेल्या आहेत, एक काना शेजारच्या अक्षराला चिकटला आहे. बाकी लख्ख वाचता येतं :

«पायरीवरचे कलम. बुंध्याशी भुसा हाताला लागला. भिरूड असावे. आजच पाहणे.»

भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी. भावाने वाचलं, तारेचा आकडा आणि बॅटरी घेतली, आणि भर पावसात पायरीकडे गेला. बुंध्याला जमिनीपासून हातभर वर छिद्र होतं, त्यातून ओला भुसा बाहेर येत होता.

त्या कलमाशेजारून आम्ही सगळे त्या आठवड्यात दिवसाला दहा वेळा गेलो होतो.